चौदा गाईंचा तबेला आणि स्वस्त प्रोटीनचा हिशोब

तबेला गोरेगाव-जोगेश्वरीच्या मधल्या पट्ट्यातला आहे, नेमका पत्ता देत नाही कारण धंदा रतीबाचा आहे आणि गिऱ्हाईकं पण वाचतात. चौदा दुभत्या गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित, वजन अंदाजे सव्वाचारशे-साडेचारशे किलो. बाजूला चार म्हशी आहेत पण त्यांचं खाणं वेगळं, म्हणून त्या या हिशोबात धरल्या नाहीत. मालक काका साठीच्या पुढचे, वह्या सूनबाई सांभाळतात, धारा काढायला दोन भैया. दूध डेअरीला जात नाही, सगळं जवळच्या सोसायट्यांमध्ये आणि अंधेरीच्या काही बिल्डिंगींमध्ये जातं. म्हणजे फॅटवर भाव कापणारं कोणी नाही, पण सकाळी पातेल्यावर मलई किती धरली ते बघणाऱ्या बायका आहेत आणि त्या मशीनपेक्षा कडक असतात.

काकांची तक्रार सरळ होती. सरकी पेंड ३६ रुपये किलोला गेली, नुसत्या आंबोणावर (पेंड-भुशाच्या खुराकावर) रोज साडेतेवीसशे रुपये खर्च होतात, दूध सरासरी बारा लिटरच्या वर सरकत नाही, "तर सरकीच्या जागी काहीतरी स्वस्तातलं प्रोटीन सांग बाबा." सल्ले त्यांच्याकडे आधीच जमलेले होते. भाच्याने व्हिडिओ बघून ॲझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) लावायचं डोक्यात घेतलेलं, एका बारवाल्याने बिअरचा चोथा फुकट देतो म्हणून सांगितलेलं, पेंडीच्या दलालाने डीडीजीएसचं, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरलेल्या वाळवलेल्या मक्याच्या चोथ्याचं, सँपल आणून ठेवलेलं, आणि गावाकडच्या कोणीतरी "युरिया टाका हो थोडा, दूध धो धो" असा निरोप पाठवलेला. चारही सल्ले ऐकायला बरे होते पण मुळात गाईंना प्रोटीन किती मिळतंय आणि किती लागतंय हे एकानेही विचारलं नव्हतं.

तर आधी ते. तबेल्यात प्रत्येक गाईला रोज पंधरा किलो पॅरा गवत, पाच किलो भाताचा पेंढा (वाडा-पालघरकडून ट्रकने येतो), आणि आंबोणात तीन किलो सरकी पेंड, दीड किलो गव्हाचा भुसा, एक किलो तूर चुनी (तूरडाळ भरडताना उरलेला चुरा). मिनरल मिक्स्चरचा डबा होता, आठवण आली की पडायचं. पॅरा गवतात पाणीच ऐंशी टक्के, उरलेल्या तीन किलो कोरड्या भागात आठेक टक्के प्रोटीन, म्हणजे २४० ग्रॅम. पेंढ्यात जेमतेम साडेतीन टक्के, १६० ग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं पचत नाही. सरकी पेंड सालासकटची, २२ टक्के धरली तर ६६० ग्रॅम, भुशातून २१०, चुनीतून १८०. एकूण साडेचौदाशे ग्रॅमच्या आसपास.

आता लागतं किती? एवढ्या वजनाच्या गाईला नुसतं जगायला, म्हणजे अंग सांभाळायला साडेतीनशे ग्रॅम धरा, आणि चार टक्क्यांच्या आतबाहेर फॅटच्या दुधाला लिटरमागे ८५ ग्रॅम. बारा लिटरच्या गाईला १३७० ग्रॅम. म्हणजे काकांच्या गाईंना प्रोटीन कमी पडतच नव्हतं, उलट थोडं जास्तच होतं. इथे काका जरा नाराज झाले, कारण त्यांना वाटलं मी आता काहीच करू नका म्हणून सांगणार.

पण सरासरी बारा लिटर म्हणजे बारा लिटरच्या चौदा गाई नव्हेत. सूनबाईंनी वही काढली (ही वही तबेल्यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे असं माझं मत, गाईनिहाय सकाळ-संध्याकाळ लिहिलेली) आणि त्यात दिसलं की नुकत्या व्यायलेल्या चार गाई अठराच्या घरात, सहा गाई बाराच्या आसपास, आणि चार गाई वेताच्या शेवटाला, सहा लिटरवर. तिन्ही गटांची गव्हाण सारखी, घमेलं तेच, माप तेच. अठरा लिटरवालीला लागतात १८८० ग्रॅम, मिळतात १४५०, म्हणजे सव्वाचारशे कमी. सहा लिटरवालीला लागतात ८६०, तिला जवळजवळ सहाशे ग्रॅम जास्त. जी गाय दूध देऊ शकते ती उपाशी, आणि जिला गरज नाही तिच्या पोटात महागाची सरकी.

जास्तीचं प्रोटीन साठत नाही बरं का. पोटातले जंतू त्याचा अमोनिया करतात, तो रक्तात जातो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि त्या कामाला वर पुन्हा गाईची ताकद खर्च होते. मग तो युरिया मुतातून बाहेर, थोडा दुधातून. काकांच्या तबेल्यात सकाळी आत शिरलं की डोळे चुरचुरायचे, त्याचं एक कारण नाली तुंबलेली आणि दुसरं हे. दुधातलं युरिया नायट्रोजन १०० मिलीला साधारण १० ते १६ मिलिग्रॅममध्ये असावं, त्याच्या खूप वर गेलं तर गाय गाभ धरायला पण त्रास देते. जाता जाता, दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो, एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) मर्यादाच ७०० पीपीएम, म्हणजे दहा लाखात ७०० भाग आहे, त्यामुळे कोणी घरच्या किटवर जरासा रंग बघून "भैयाने युरिया टाकला" म्हणून व्हॉट्सॲपवर बोंब मारली तर आधी आकडा विचारायचा.

शेण पण बघितलं. ही जुनी पद्धत आहे, दोन ओंजळी शेण पिठाच्या चाळणीत घ्यायचं आणि नळाखाली धुवायचं. सहा लिटरवाल्या एका गाईच्या शेणात सरकीची काळी सालं आणि चुनीचे अख्खे तुकडे चाळणीत उरले, मूठभर. भैया म्हणाला, "ये तो रोज निकलता है." रोज निकलता है म्हणजे रोज ३६ रुपये किलोचा माल नालीत जातो. सूनबाईंनी ती चाळण तबेल्यालाच देऊन टाकली, घरात परत घेतली नाही, ते सांगायलाच नको.

आता भावाकडे. पेंडीचा भाव किलोवर बघायची सगळ्यांना सवय आहे पण प्रोटीनसाठी घेताय ना, मग एक किलो प्रोटीन केवढ्याला पडलं ते बघा. काकांना त्या वेळी तबेल्यापोच जे भाव मिळत होते त्यावर काढलं तर सरकी पेंडीतलं किलोभर प्रोटीन पडतं १६४ रुपयाला. तूर चुनी २४ रुपये, प्रोटीन १८ टक्के, पडली १३३ ला. सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) ४६ रुपये किलो ऐकून काका दचकले होते पण त्यात प्रोटीनही ४६ टक्के, म्हणजे १०० रुपये. मक्याचं डीडीजीएस १९ रुपये, २७ टक्के, ७० रुपये. म्हणजे गोणीवर सगळ्यात महाग दिसणारी सोया प्रत्यक्षात सरकीपेक्षा कितीतरी स्वस्त. पण लगेच सरकी बंद करा असा अर्थ नाही निघत, सरकीत तेल असतं, तंतू असतो, त्यावर फॅट टिकतं. तो भाग पुढे येतोच.

फुकटच्या सल्ल्यांचा निकाल आधी लावतो. ॲझोला. कोरड्या ॲझोलात प्रोटीन २५ टक्के असतं हे खरंच आहे, व्हिडिओत खोटं काही सांगत नाहीत. पण ताजा ॲझोला म्हणजे ९४ टक्के पाणी. दोन किलो ओला ॲझोला गाईला घातला तर कोरडा निघाला १२० ग्रॅम आणि त्यात प्रोटीन ३० ग्रॅम, म्हणजे पाव किलो दुधाच्या वर जरासं. चौदा गाईंना दोन-दोन किलो द्यायचा तर रोज २८ किलो लागणार, आणि चांगलं उत्पन्न धरलं तरी चौरस मीटरला दिवसाला दोनशे ग्रॅम निघतो, म्हणजे १४० चौरस मीटर, पंधराशे चौरस फूट पाण्याचे वाफे. गोरेगावात पंधराशे चौरस फूट! त्या भाड्यात काका सोयाची गाडी उतरवून घेतील. गावाला परसात जागा पडीक असेल, दोन गाई असतील, बायकामाणसांना वेळ असेल, तर जरूर करा, इथे नाही.

युरिया. नायट्रोजन ४६ टक्के, त्याला सव्वासहाने गुणलं की कागदावर २८७ टक्के "प्रोटीन", म्हणून लोकांना मोह होतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू त्यातून प्रोटीन बनवतात हे शास्त्र बरोबर आहे, पण त्यासाठी सोबत पिष्ट लागतं, मिसळणी एकजीव लागते, आणि माप चुकलं तर गाय थरथरायला लागते, लाळ गळते, पोट फुगतं आणि व्हिनेगर-थंड पाणी पाजेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. गोणी उघडी राहिली आणि गाय सुटून तिच्यात तोंड घालून गेली तर एका झटक्यात लाखाचं जनावर गेलं. शिवाय शेतीचा अनुदानाचा युरिया जनावरांच्या खाद्याला वळवणं कायद्यात बसत नाही. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे, १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा, पेंढ्यातलं प्रोटीन साडेतीनवरून सातच्या पुढे जातं. पण उघडल्यावर जो अमोनियाचा भपका येतो तो शेजारच्या टॉवरच्या सातव्या मजल्यापर्यंत जाणार आणि तबेल्यावर आधीच कमी तक्रारी आहेत का. सोडून दिलं.

सुबाभूळ पण चर्चेत आली, आरेत आणि हायवेच्या कडेला मुबलक आहे, पाल्यात २० टक्क्यांच्या पुढे प्रोटीन. पण त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चाऱ्याच्या एक तृतीयांशच्या वर गेलं की केस झडतात, थायरॉईडचा त्रास होतो, आणि मुंबईत झाडाची फांदी तोडायची तर परवानगीचे कागद. ससून डॉकवरून सुक्या मासळीची कुटी आणू का असंही काकांनी विचारलं. फिशमीलमध्ये प्रोटीन जबरदस्त असतं, पण बाजारातल्या कुटीत वाळू आणि मीठ किती ते कळत नाही, आणि रतीबाच्या शाकाहारी घरात दुधाला नुसता वास लागायची शंका जरी आली तरी अख्खी सोसायटी जाईल.

उरले दोन, डीडीजीएस आणि बिअरचा चोथा. दोन्ही दारूच्या लाईनचे, काका माळकरी, त्यांनी एकदा विचारलं की दुधात दारूचं काही उतरत नाही ना. नाही उतरत. डीडीजीएस म्हणजे मक्यातलं पिष्ट काढून इथेनॉल केल्यावर जे राहतं ते वाळवलेलं, १०० किलो मक्यातून साधारण ३० किलो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली, डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या, आणि हा माल बाजारात एवढा आला की सोया डीओसीचे भाव पण त्याने दाबले. म्हणजे स्वस्त आहे त्याला कारण आहे, माल खराब आहे म्हणून स्वस्त नाही. पण खराब माल त्यात मिसळून येतो, हे वेगळं.

दलालाने आणलेलं सँपल काळपट तपकिरी होतं आणि करपलेल्या साखरेचा वास. वाळवताना जास्त तापलं की प्रोटीन साखरेला चिकटून बसतं, लॅबच्या कागदावर २७ टक्के दिसतं पण गाईला त्यातलं बरंच मिळत नाही. रंग सोनेरी पिवळा हवा, वास आंबूस-गोडसर. ते सँपल परत दिलं, दुसरा लॉट मागवला. दुसरी भीती अफ्लाटॉक्सिनची. मक्याला बुरशी असेल तर तिचं विष आंबवण्यात मरत नाही, आणि पिष्ट निघून गेल्यामुळे उरलेल्या मालात ते जवळजवळ तिप्पट दाट होतं. तयार पशुखाद्यात बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) मर्यादा २० पीपीबी, म्हणजे अब्जात २० भाग आहे, दुधात एफएसएसएआयची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. हिशोब असा केला की डीडीजीएस आंबोणाच्या पाचव्या हिश्श्यावर ठेवलं आणि त्यात समजा १०० पीपीबी निघालं तरी बाकी माल स्वच्छ असेल तर आंबोण २० वरच राहतं. पण बाकी माल स्वच्छ असेलच हे कोणी सांगितलं, सरकी आणि शेंगदाणा पेंड तर बुरशीचं माहेरघर, पावसाळ्यात जास्तच. म्हणून नियम केला की प्रत्येक लॉटमधून चार-पाच गोण्यांतलं मिसळून अर्धा किलो लॅबला, रिपोर्ट आल्यावर उरलेले पैसे. दलाल कुरकुरला, मग तयार झाला. पहिल्यांदा रिपोर्टशिवाय माल उतरवून घेतलात की पुढे तो कधीच आणत नाही.

बिअरच्या चोथ्याची गंमत वेगळी. अंधेरीत एक छोटी ब्रुअरी असलेलं रेस्टॉरंट आहे, हजार लिटरची बॅच काढली की दोनशे किलोच्या आसपास ओला चोथा निघतो, त्यांना तो कचऱ्यात टाकायचा खर्च असतो म्हणून फुकट. कोरड्या हिशोबात प्रोटीन २६ टक्के आणि त्यातलं निम्मं पोटातल्या जंतूंच्या तावडीतून सुटून पुढे आतड्यात जाणारं, ज्याला बायपास म्हणतात, जास्त दुधाच्या गाईला नेमकं तेच हवं असतं. पण चोथ्यात कोरडा भाग २२ टक्केच. एका टेम्पोफेरीला १२०० रुपये, दोनशे किलो माल, म्हणजे फुकटचा चोथा सहा रुपये किलो पडला. त्यावर काढलं तर प्रोटीन १०५ रुपये किलो. सोयापेक्षा महाग! काका बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत होते.

मग सूनबाईंनी सुचवलं की संध्याकाळचा रतीब टाकून आपली गाडी अंधेरीवरून रिकामीच येते, ब्रुअरीत चोथा दुपारी निघतो, त्याच फेरीत ड्रम टाकून आणू. दुधाच्या किटल्या पुढे, झाकणाचे निळे ड्रम मागे, घरी आल्यावर गाडी धुवायची. त्याने चोथा तीन रुपयाच्या आत आला आणि प्रोटीन पन्नासच्या आसपास. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशार सूचना ही होती आणि ती कुठल्याही पशुखाद्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

साठवण हा चोथ्याचा जीव की प्राण. मुंबईच्या दमट हवेत उघडा ठेवला तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वर पांढरी-हिरवी बुरशी धरते. ड्रममध्ये थर-थर करून पायाने दाबायचा, हवा राहू द्यायची नाही, वर मुठभर मीठ, त्यावर प्लास्टिक आणि पाण्याने भरलेली पिशवी वजनाला. उघडल्यावर पावासारखा, जरासा आंबट वास यायला हवा, नाकात झणझणणारा व्हिनेगरचा वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागला तर तो ड्रम खतात. भैयाने पहिल्यांदा चोथा पेंढ्याच्या कुट्टीत हाताने कालवून अठरा लिटरवालीच्या गव्हाणीत टाकला तेव्हा तिने आधी फुंकर मारून बाजूला सारला, दुसऱ्या दिवशी चाटला, आणि चार-पाच दिवसांत एरवी निम्मा टाकून देणारा पेंढा सिमेंट दिसेपर्यंत साफ व्हायला लागला. पेंढा वाया जायचा थांबला याचे पैसे मी हिशोबात धरले नाहीत, पण काका धरतात.

शेवटी जे मिश्रण ठरलं ते शंभर किलोला असं: सरकी पेंड २५, डीडीजीएस २०, गव्हाचा भुसा २०, मका भरडा १७, तूर चुनी १५, मिनरल मिक्स्चर २, मीठ १. प्रोटीन १८ टक्क्यांच्या जवळ, खर्च किलोला सव्वासत्तावीस रुपये, आधीचं साडेतीस पडत होतं आणि त्यात मिनरल पण नव्हतं. मिनरल सोडू नका, कारण डीडीजीएस, चोथा, भुसा तिन्हीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, कॅल्शियमवालं मिश्रण घातलं नाही तर व्यायलेली गाय बसते, तिला उठता येत नाही. सहा लिटरवालीला यातलं अडीच किलो, बस्स. बारावालीला चार किलो आणि पाच किलो चोथा. अठरावालीला सहा किलो, आठ किलो चोथा, आणि पेंढा पाचावरून साडेतीन किलोवर, कारण पोटात जागा तेवढीच असते. शेवटच्या दोन महिन्यांतली गाभण गाय या मापात बसत नाही, तिचं वेगळं. बदल एकदम केला नाही, दोन-अडीच आठवड्यांत हळूहळू, जुनं कमी नवीन जास्त.

आता पैसे. आधीचा खर्च २३५२ रुपये रोज. नवीन, चोथा सहा रुपयानेच धरून, १९५५. म्हणजे रोजचे जवळजवळ ४०० रुपये, महिन्याला बारा हजार. पण मी मुद्दाम तिसरा आकडा काढला, की समजा माल काहीच बदलला नसता, तेच जुनं सरकीचं आंबोण, फक्त दुधाप्रमाणे वाटलं असतं, अडीच किलोला जरा कमी, पाच, आणि पावणेआठ, तर? तर २१६२. म्हणजे चारशेमधले एकशे नव्वद रुपये नुसते माप बदलून वाचले असते, एक गोणी नवीन न आणता. डीडीजीएस, ब्रुअरी, लॅब, ड्रम या सगळ्या धावपळीचं फळ उरलेलं निम्मं. एनडीडीबीवाले (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) रेशन बॅलन्सिंग म्हणून गावोगावी हेच सांगत फिरतात, पण पर्यायी खाद्याच्या व्हिडिओला जेवढे व्ह्यूज मिळतात तेवढे वजनकाट्याला मिळत नाहीत.

मापाचं पाळायला सगळ्यात जास्त त्रास झाला ते पण सांगतो. भैयाला चौदा गाईंची तीन मापं लक्षात राहीनात, आणि त्याहून मोठं म्हणजे त्याला वाईट वाटायचं, शेजारच्या गाईला घमेलंभर आणि हिला अर्धं, ती बघत राहते. मग गाई दावणीवर हलवून तीन गट शेजारी-शेजारी बांधले, खांबाला लाल, पिवळी, हिरवी पट्टी मारली आणि त्याच रंगाची तीन प्लास्टिकची मापं आणली. दर पंधरवड्याला सूनबाई वही बघून पट्टी बदलतात.

काकांनी मध्येच एक प्रयोग स्वतःच्या डोक्याने केला. डीडीजीएसचा भाव बघून त्यांनी सरकी पूर्ण बंद केली आणि तेवढं सगळं डीडीजीएस घातलं, म्हणजे ४५ टक्के. दूध घटलं नाही, उलट थोडं वाढलं, ते खूश. आठवड्याच्या आत दोन सोसायट्यांतून फोन, मलई पातळ येते, पाणी घालताय का. फॅट काढलं तर चारवरून साडेतीनच्या जवळ आलेलं. कारण साधं आहे, मक्याचं तेल पातळ जातीचं, ते पोटात जास्त गेलं की तंतू पचवणारे जंतू दबतात आणि फॅट बनायचं गडबडतं, आणि वर सरकीचा आधार पण काढून घेतलेला. वीस टक्क्यांवर परत आणल्यावर दोनेक आठवड्यांत मलई जागेवर आली पण एक घर सुटलं ते सुटलंच.

दुधाचं म्हणाल तर चार मोठ्या गाईंपैकी दोन दीड-दोन लिटरने चढल्या, एक होती तिथेच राहिली, चौथीला मध्येच कासदाह झाला त्यामुळे तिचा आकडा मी धरतच नाही. सहा लिटरवाल्यांचं दूध आंबोण निम्म्याच्या खाली आणूनही टिकलं, एक अर्ध्या लिटरने उतरली पण ती तशीही आटायला आली होती. तबेल्यातला डोळे चुरचुरणारा वास कमी झाला, नाली साफ केली म्हणून किती आणि खुराकामुळे किती हे मला वेगळं करता येत नाही. चाळणीतली मूठ चिमटीवर आली.

पावसाळ्याची व्यवस्था वेगळी ठेवली आहे. जून ते सप्टेंबर चोथा बंद, कारण ओला माल, माशा आणि हायवेवर तास-तास अडकणारी गाडी यांचं जमत नाही, आणि ब्रुअरीची बॅच पण कधी होते कधी नाही. त्या वेळी बारावालीला चोथ्याच्या जागी सहाशे ग्रॅम आणि अठरावालीला किलोभर सोया डीओसी, वरून सुकी. सोयातलं प्रोटीन पोटात पटकन विरघळतं, चोथ्याएवढं बायपास नाही, म्हणून दोन्ही वेळच्या धारेला वाटून. चोथ्यासोबत जी ताकद जाते ती भरून काढायला अठरावालीला अर्धा किलो भरडा जास्त. गोण्या जमिनीला टेकवायच्या नाहीत, लाकडी पाटावर, भिंतीपासून हातभर लांब, आणि डीडीजीएस तीन आठवड्यांच्या वर पुरेल एवढं घ्यायचं नाही, कितीही स्वस्त लावलं तरी.

सध्या काकांच्या डोक्यात तांदळाचं डीडीजीएस आहे, प्रोटीन ४० टक्क्यांच्या वर सांगतात आणि भाव मक्याच्या मालापेक्षा थोडाच जास्त. घेऊन बघायला हरकत नाही, पण आधी रिपोर्ट, आणि घेतलं तर मक्याच्या मालाच्या जागी, त्याच्या वर नाही, आणि सरकीच्या पंचवीस किलोला हात लावायचा नाही. सँपल मागवलंय.